इयत्ता सहावी, श्रुतलेखन

३ नोव्हेंबर

दादा,

आज बाबांचं कपाट रिकामं केलं. सकाळी नऊला सुरुवात केली, दीडला संपलं. सहा सदरे, दोन कोट, चार चष्मे (दोन फुटके), पितळी वजनांची पेटी, सरकारी शिक्क्यांचा डबा. दुपारी कालचंच गरम करून खाल्लं. चार वाजता स्टूल घेतलं आणि वरचा कप्पा उघडला.

तीर्थरूप लिहिलं की तू हसायचास, "मी काय नदी आहे का?" म्हणायचास. म्हणून नुसतं दादा.

बाबांना जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. फोनवर आपण दोन मिनिटं बोललो, त्यात तू तीनदा "बरं" म्हणालास. ही तक्रार नाही. मी तरी काय बोलले? "त्यांना त्रास झाला नाही", एवढंच. तेही पूर्ण खरं नव्हतं, पण फोनवर दुसरं काय सांगणार.

घर डिसेंबरअखेर मालकाला परत द्यायचं आहे. मी माझ्या प्रयोगशाळेजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. एकटीला पुरतात. बाबांचं सामान तिथे मावणार नाही, म्हणून हे सगळं काढणं आणि वाटणं चाललं आहे. वजनांची पेटी तुला हवी असेल तर कळव. लहानपणी त्यातलं पाच ग्रॅमचं वजन तू गिळलं होतंस आणि बाबा तुला कडेवर घेऊन नाही, तर आधी पेटी घेऊन डॉक्टरांकडे पळाले होते, उरलेली वजनं दाखवायला. आई ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणायची, "पोरगं राहिलं घरी आणि पेटी तपासून आणली."

वरच्या कप्प्यात टेपरेकॉर्डर होता. आईच्या निळ्या चादरीत बांधलेला, वर बाबांची दुहेरी गाठ. एकतीस वर्षांत ती गाठ सुटलेली मी पाहिली नाही. आई गेली त्या तारखेला दर वर्षी बाबा स्टुलावर चढायचे, वरची धूळ झटकायचे आणि उतरायचे. शेवटची दोन वर्षं त्यांना चढवेना, तेव्हा खाली उभे राहून मला सांगायचे, "हलवू नकोस, नुसतं झटक." सुरू मात्र कधी केला नाही. त्यांच्या लेखी मशीन बिघडलंच नव्हतं. मशीन चांगलं होतं, मुलगा बिघडला होता.

उतरवताना पाठीत चमक भरली. तू हे धूड सायकलच्या कॅरिअरला बांधून शाळेत कसं न्यायचास, देव जाणे.

आत आईचं रीलही होतं, पुठ्ठ्याच्या खोक्यात. वर तिच्या अक्षरात, निळ्या शाईत: इयत्ता सहावी, श्रुतलेखन.

मी प्लग लावला. दिवा लागला. थोडा जळका वास आला, तो गेला. तू शिकवल्याप्रमाणे फीत ओवली. "आत शिरायचं, डोक्याला गाल लावायचा, चाकाखालून वाकायचं, बाहेर." हाताला अजून पाठ आहे, याचं मलाच नवल वाटलं. कळ दाबली. दोन्ही चाकं कुरकुरली आणि फिरायला लागली. आवाज काही नाही. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं तरी साधी खरखरसुद्धा नाही.

तुला वाटेल, आता कशाला. त्या फितीत काही उरलेलं नाही हे या घरात एकतीस वर्षांपूर्वीच ठरलं. ते कुणी पुसलं हेही ठरलं. तू म्हणालास, मी पुसलेलं नाही. बाबांनी मानलं नाही. दोन महिन्यांनी तू लांबची नोकरी धरलीस आणि परत आला नाहीस. मी त्या खोलीत होते.

मला ती फीत एकदा ऐकायची आहे. रिकामी असेल तर रिकामी ऐकेन. पण आधी मशीनला वाचा फुटायला हवी. तुला यातलं कळायचं. काय करून पाहू ते लिहिशील का?

तुझी
बुटकी


१४ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. चार ओळी. "हेड आधी स्वच्छ कर. स्पिरिट आणि कापूस, जोर लावू नकोस. पट्टा ताणून बघ. फितीची आशा धरू नकोस." शेवटचं सोडून बाकी सगळं केलं.

स्पिरिट आमच्याकडे भरपूर. पस्तीस वर्षांपूर्वी जो वास तुझ्या बोटांना यायचा तोच माझ्या बोटांना रोज येतो, हे कधी लक्षात आलं नव्हतं. कापूस तपकिरी झाला, दुसरा घेतला, तोही झाला, पाचवा पांढरा राहिला. फीत लावली. गप्प.

मग रिक्षा केली आणि रेडिओवाल्या काकांकडे घेऊन गेले. तुला ते माहीत नसणार, तू गेल्यावर त्यांनी दुकान टाकलं. आता दुकानाच्या पुढच्या भागात त्यांचा मुलगा मोबाइल विकतो आणि मागे, पडद्याआड, काकांचं टेबल आहे. वर उघड्या पोटाचे चार रेडिओ, एक बल्ब, एक दाढीचा ब्रश धूळ काढायला. काकांचा हात थोडा कापतो, पण वस्तूला टेकला की थांबतो.

"ताई, हे कुठून उकरून काढलंत?"

"घरचंच आहे."

"घरचं आहे म्हणूनच आवाज बंद झालाय. घरात राहून कुणाचा आवाज टिकतो?"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुमचा टिकलाय की! चाळीस वर्षं मी तो बंद पडायची वाट बघतेय. आणि ताई, यांना विचारा, घरातला पंखा कधी दुरुस्त होणार?"

"पंखा काय, हिवाळ्यात कुणाला लागतो?"

"उन्हाळ्यातही तुम्ही हेच म्हणालात."

"काय म्हणालो?"

"हिवाळ्यात बघू म्हणालात."

काकांनी हे ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि स्क्रू काढायला घेतले. पट्टा बदलला. स्पीकर सोडवून दुसरीकडे लावून पाहिला, तो ठणठणीत. मग त्यांनी स्वतःचं एक जुनं रील आणलं. त्यावर त्यांच्या लग्नातली भाषणं आहेत. "हे नक्की बोलतं," म्हणाले, "यातला माझा सासरा तर थांबतच नाही." ते आपल्या मशीनवर लावलं.

सासरेही गप्प.

"म्हणजे तुमच्या फितीचा दोष नाही," काका म्हणाले. "निदान अजून तरी तसं म्हणता येत नाही. दोष मशीनचा आहे. ठेवून जा, बघतो."

दादा, हे ऐकल्यावर मी तिथल्या स्टुलावर बसले. काकूंनी पाणी दिलं.

आमच्याकडे एक नियम आहे. रोग्याच्या रक्ताचा अहवाल विचित्र आला, तर रोग्याला काही सांगायच्या आधी ज्याचं उत्तर ठाऊक आहे असा नमुना यंत्रात घालायचा. त्याचंही उत्तर चुकलं तर दोष यंत्राचा. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे.

आईची फीत गप्प निघाली त्या रविवारी तू हेच म्हणाला होतास. "माझी फीत लावून बघू या." मला शब्द आठवतात. आणि बाबा म्हणाले, "तुझं आता या मशीनवर काही लागणार नाही." त्यांनी तासाभरात ते चादरीत बांधलं. वजनमापांचे निरीक्षक, दुकानदाराचा तराजू दोनदा तपासल्याशिवाय ज्यांनी कधी सही केली नाही. दुकानदार म्हणायचे, साहेब रागावलेले परवडतात, कारण मोजायला चुकत नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकदाही तपासलं नाही. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते, हे मी त्यांच्या बाजूने लिहिते. दुसरं काही त्यांच्या बाजूने मला सुचत नाही.

परत येताना हात रिकामे होते म्हणून चालत आले. वाटेत आईची शाळा लागते. आता तिथे वर दोन मजले चढवले आहेत, पण सहावीचा वर्ग तोच, कोपऱ्यातला. आईचा घसा बसायला लागला, डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलं, तेव्हा ही फितीची कल्पना तुझी. आवाज चांगला असेल त्या दिवशी घरी म्हणून घ्यायचं आणि वर्गात लावायचं. पहिल्या दिवशी मुलं मशीनला उभं राहून नमस्कार म्हणाली. एका मुलीने हात वर करून मशीनला विचारलं, "बाई, परत सांगा ना." आणि आई बाजूला खुर्चीत बसून हसू दाबत होती, कारण हसलं तरी घसा दुखायचा. तू घरी येऊन ती मुलगी करून दाखवलीस. बाबासुद्धा हसले होते. ते हसताना फक्त खांदे हलवायचे.

काकांनी आठवड्याने बोलावलं आहे. तुला आणखी काही सुचलं तर लिही.

बुटकी


२७ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिल्या दोन कागदांवर हवापाण्याचं लिहिलं आणि फाडले. आता सरळ लिहिते.

तुझं दुसरं कार्ड सोमवारी आलं. जिन्यातच वाचलं. "मागच्या बाजूला इअरफोनचं भोक आहे ते बघायला सांग. त्यात काही असलं की आतला स्पीकर आपोआप बंद होतो. नुसतं टोक अडकलं तरी पुरतं." मी तिथेच पायरीवर बसले. खालच्या बाई विचारायला लागल्या, बरं नाही का. मी म्हणाले, किल्ली शोधतेय.

दोन दिवस मी कार्ड पर्समध्ये ठेवून कामावर गेले. बुधवारी काकांचा फोन आला. गेले तर त्यांनी मशीन पार उघडून ठेवलं होतं. आईची फीत लावलेली होती आणि चाकं फिरत होती.

"ताई, ही गंमत बघा," काका म्हणाले आणि समोरच्या छोट्या खिडकीवर बोट ठेवलं. "काटा."

काटा हलत होता. उजवीकडे जायचा, मागे यायचा, थांबायचा. मग पुन्हा. बोलणाऱ्या माणसासारखा.

"काटा हलतोय म्हणजे फितीत आवाज आहे. हेड तो उचलतंय, पुढेही पोचवतंय. नेमका स्पीकरपाशी कुणीतरी दार लावून घेतलंय. आता मी एकेक तार सोडवून..."

"काका," मी म्हणाले, "तारा नका सोडवू. मागचं इअरफोनचं भोक बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅटरी घेतली, मशीन फिरवलं आणि आत प्रकाश टाकला. "अरे!" एवढंच म्हणाले. बारीक चिमटा घेतला. चार-पाच वेळा सुटलं, मग निघालं. पितळेचं टोक, ज्वारीच्या दाण्याएवढं, काळं पडलेलं. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"कुणाचे तरी उपद्व्याप," ते म्हणाले. "किती वर्षं असेल कुणास ठाऊक."

मी म्हणाले, "एकतीस."

दादा, ते टोक माझं आहे.

आई गेल्यावर बाराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी मी ती फीत ऐकली. बाबांनी सांगितलं होतं की सगळ्यांनी मिळून ऐकायची, तोवर हात लावायचा नाही. मला धीर नव्हता. बाबा पलीकडच्या खोलीत आडवे झाले होते, म्हणून इअरफोन लावला. आई बोलत होती. आधी तुझं माउथ ऑर्गन, मग आई. साधारण दहा मिनिटं ऐकलं असेल. बाबांच्या पलंगाची कुरकुर ऐकू आली आणि मी तशीच उठले, कानातली वायर विसरून. ती ताणली आणि तुटून हातात आली. आवाज एकदम गेला. मी घाबरून कळा दाबल्या, सापडतील त्या. मला वाटलं त्यात आवाज भरायची लालही दाबली गेली. फीत उलटी गुंडाळली, मशीन झाकलं, वायर मुठीत गोळा केली. टोक तुटलंय हे मी पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना ती कचऱ्यात टाकली.

रविवारी बाबांनी फीत लावली आणि काही ऐकू आलं नाही. मला वाटलं मीच पुसली. आईला मी पुसलं.

मग बाबांनी विचारलं, "मशीनला शेवटचा हात कुणी लावला?"

तू लगेच म्हणालास, "मी. मंगळवारी. तेल दिलं."

मंगळवारनंतर गुरुवार येतो हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की दादानंतर मी ऐकली आणि तेव्हा ती बोलत होती. एक वाक्य. त्याने तू सुटला असतास. मी माझ्या पायांच्या बोटांकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, "आधीही तू तिची सुरुवात पुसून आपला बाजा भरला होतास." तू म्हणालास, "ती चूक होती, आणि आईनेच ती हसण्यावारी नेली." बाबा म्हणाले, "ती होती म्हणून तुझी चूक हसण्यावारी गेली." मी घाबरले होते म्हणून बोलले नाही.

नंतर सांगेन, असं मी ठरवलं. तू जाईपर्यंत दोन महिने होते. रोज संध्याकाळी तुझ्या ताटाशेजारी माझं ताट होतं. तू गेल्यावर पत्रात लिहीन असं ठरवलं. मग बाबा म्हातारे झाले तेव्हा त्यांना सांगेन असं ठरवलं. आठ वर्षांपूर्वी ते दवाखान्यात होते तेव्हा मी खरंच म्हणाले, "बाबा, त्या फितीचं..." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मला हायसं वाटलं. ते न कळताच गेले. आता त्यांच्यापुरतं हे असंच राहणार.

काकांना मी विचारलं, घाईत चुकून लाल कळ दाबली गेली तर फीत पुसते का. ते हसले. "एकटी लाल दाबून बघा." मी दाबली. ती खाली जातच नाही. दुसरी कळ धरून ठेवली तरच जाते. "बनवणाऱ्यांनाही माहीत होतं, घरात घाबरट माणसं असतात," काका म्हणाले. हे तुला माहीत असणार. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणजे मीही पुसली नव्हती. कुणीच पुसली नव्हती.

एक गोष्ट मनातून जात नाही. त्या रविवारी फीत फिरत होती तेव्हा तो काटाही हलत असणार. आपण तिघं होतो. बाबा डोळे मिटून बसले होते, तिला नीट ऐकता यावं म्हणून. तू दारात होतास, मशीनची पाठ तुझ्याकडे. मी खाली बघत होते. आई बोलत होती आणि कुणी पाहिलं नाही.

मी माफी मागत नाही, कारण ती मागण्याइतकं हे लहान नाही. काय झालं ते तुला कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

मी


२ डिसेंबर

दादा,

सत्तावीस तारखेचं पत्र अजून टेबलावरच आहे. पाकीट आणलं आहे, तिकिटं लावली आहेत. पाच दिवस रोज कामावर जाताना ते पर्समध्ये घालते आणि घरी आल्यावर काढून ठेवते. पोस्टाची पेटी वाटेतच आहे.

आज सुट्टी घेतली. मशीन काल घरी आलं. काकांनी सगळं बसवून, पुसून दिलं. काकूंनी मशीनला घालायला एक जुना अभ्रा दिला. "ताई, दुरुस्त झालेली एक तरी वस्तू आमच्याकडून बाहेर पडली, झाकून न्या, पंख्याला दिसायला नको."

दहा वाजता मधल्या खोलीत, त्याच जागी ठेवून लावलं. घरात आता फक्त टेबल, एक खुर्ची आणि माझी गादी आहे. त्यामुळे आवाज घुमतो.

आधी तुझं माउथ ऑर्गन. तीन मिनिटं. तू ते वाईट वाजवतोस, हे तेव्हा कुणी तुला सांगितलं नाही. एका जागी अडखळतोस, मागे जातोस, पुन्हा तिथेच अडखळतोस. मग मध्येच कापल्यासारखं होतं आणि आई: "...डावीकडे समास सोडा. सोडला? बोट ठेवून बघा."

तिचा आवाज मला आठवत होता त्यापेक्षा जाड आहे. एकतीस वर्षांत मी तो बारीक करून टाकला होता.

मुंगीवरचा उतारा आहे. ती एक वाक्य सांगते, मग मुलांना लिहायला वेळ देते, मग तेच पुन्हा सांगते. "वाटेत दुसरी मुंगी भेटली की मुंगी थांबते." आणि थांबते. मग ती वाट बघते तेवढा वेळ फितीत आपलं घर ऐकू येतं. पाण्याची बादली भरल्याचा आवाज. सायकलची घंटी. पलीकडे बाबा खोकतात. एका जागी दार वाजतं आणि मी विचारते, "आई, माझी कंपासपेटी..." आणि तू "शूऽऽ!" करतोस, इतक्या जोरात की तेच सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. आई हसते, तिला ठसका लागतो. "बंद करू का?" तू विचारतोस. "नको. मुलांना कळू दे, बाईंच्या घरीही गोंधळ असतो." मग बाबांचा आवाज, दारातून: "फीत किती उरली? मोजून वापरा." आणि तू हळूच, बहुतेक फक्त आईला ऐकू जावं म्हणून: "तराजू आणू का?"

हे मी विसरले होते. चौघंही आहोत त्यात. बाबांचे खांदे दिसत नाहीत, एवढंच.

काकांनी ती सीडीवर उतरवून दिली आहे. ती पाकिटात घातली आहे. म्हणजे ऐकण्यासाठी तुला यायची सक्ती नाही. मशीन मी नव्या खोल्यांत नेणार आहे. खिडकीखाली जागा मोजली, बसतं. दुसरी खोली रिकामीच असते, हे नुसतं सांगून ठेवते.

फीत शेवटपर्यंत ऐकली. शेवटी आई म्हणते, "झालं. आता पेन खाली ठेवा. लिहिलेलं एकदा वाचा. चूक सापडली तर खोडरबर घेऊ नका. एक आडवी रेघ मारा, खालचं दिसलं पाहिजे, आणि बाजूला बरोबर लिहा. मग वही द्या." आणि वाट बघते. बराच वेळ काहीच बोलत नाही. ती अजून आहे हे फक्त काट्यावरून कळतं.

मी मागचं पत्र काढून वाचलं. एक चूक सापडली. मी लिहिलं आहे की मी घाबरले होते म्हणून बोलले नाही. घाबरले होते हे खरं, पण बाबांनी तुझ्याकडे पाहिलं त्या क्षणापर्यंतच. त्यानंतर मला सुटल्यासारखं वाटलं. तू उभा होतास, तुझ्यावर सगळं येत होतं, आणि मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मी इतकी वर्षं भीती या नावाने ठेवलं. त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. बाजूला हे लिहिलं आहे.

आता फीत उलटी गुंडाळायला लावली आहे. ती पुरी होईपर्यंत पाकिटावर तुझा पत्ता लिहिते. मग पायात चपला घालते आणि पेटीपर्यंत जाऊन येते.

तुझी
बुटकी